काथी की अक्रोडी? दोन गडद तपकिरी रंगांतून आपल्या खोलीचा रंग निवडताना

"ताई, हा आणि हा, दोन्ही सारखेच तर आहेत." शेडकार्डावर दोन बोटं ठेवून हे वाक्य म्हणणारी माणसं मला दर दिवाळीआधी भेटतात. त्यांचं खरंही असतं. गडद तपकिरी रंगाचे दोन छोटे चौकोन शेजारी ठेवले की बहुतेकांना दोन्ही चॉकलेटीच दिसतात. तेच रंग बारा फुटी भिंतीवर चढले की एक तांबूस दिसू लागतो आणि दुसरा हिरवट. तोवर पैसे दिलेले असतात, शिडी गेलेली असते आणि घरातले "असा नव्हता ना आपण घेतला?" म्हणत भिंतीकडे बघत उभे असतात.

मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. गडद तपकिरी रंग मला मनापासून आवडतो. नीट निवडला तर तो खोलीला जो शांतपणा देतो, तो पांढऱ्या भिंतींना कधीच जमत नाही. म्हणूनच तो घाईत निवडून फसला की मला वाईट वाटतं. पुढचं सगळं लिहिलं आहे ते ही निवड शेडकार्डावर होऊ नये, तुमच्या खोलीत व्हावी यासाठी.

तुलनेला दोन रंग घेते. शेड नंबर मुद्दाम देत नाही, कारण या दोन जातींचे रंग प्रत्येक कंपनीच्या कार्डात वेगळ्या नावाने असतात. आपण त्यांना घरातली नावं देऊ. पहिला काथी: विड्यातल्या काथासारखा, तांबड्याकडे झुकणारा. दुसरा अक्रोडी: अक्रोडाच्या लाकडासारखा, पिवळट-करड्याकडे झुकणारा, अंगात किंचित शेवाळी झाक असलेला. दोन्ही गडद, दोन्ही उबदार. तुमच्या हातातल्या दोन शेड यापैकी कुठल्या जातीच्या आहेत हे ओळखलं की अर्धं काम झालं.

आधी रंगाचा कल ओळखा

इंद्रधनुष्यात तपकिरी नाही. नारिंगी रंग काळवंडला की आपण त्याला तपकिरी म्हणतो. नारिंगी उभा असतो लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, त्यामुळे प्रत्येक तपकिरी यातल्या कुठल्या तरी एका बाजूला कललेला असतोच. पिवळ्यात काळा मिसळला की तो हिरवट दिसतो. अक्रोडी रंगाची शेवाळी झाक बरीचशी तिथूनच येते.

रंगाच्या दुकानात हा कल आकड्यांत बघता येतो, पण फार थोडे लोक विचारतात. टिंटिंग मशीन बेसमध्ये, म्हणजे डब्यातल्या मूळ रंगात, कोणकोणते टिंट (दाट रंगद्रव्यं) किती टाकणार, हे दुकानदाराच्या संगणकावर दिसतं. तपकिरी शेडमध्ये साधारणपणे तीन गोष्टी मुख्य असतात: लाल ऑक्साइड, पिवळा ऑक्साइड आणि काळा. लाल आणि पिवळा ही दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं. आपला गेरू लाल होतो तो याच लाल ऑक्साइडमुळे. दोन्ही शेडचे फॉर्म्युले शेजारी ठेवून बघू द्या म्हणावं. ज्यात पिवळ्याच्या मानाने लाल जास्त, तो काथी. ज्यात पिवळा आणि काळा मिळून लालला मागे टाकतात, तो अक्रोडी.

फॉर्म्युला बघायला मिळाला नाही, तर घरी करायचा एक उपाय मला त्याहून खात्रीचा वाटतो. दोन्ही शेडचे छोटे सॅम्पल डबे आणा. एका जुन्या बशीत एक चमचा काथी घ्या आणि त्यात आठ-दहा चमचे पांढरं इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) घालून काडीने ढवळा. दुसऱ्या बशीत अक्रोडीचं तसंच करा. गडदपणामुळे जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते आता उघडं पडतं. एक बशी गुलाबीसर बदामी होते, दुसरी पोलिसांच्या गणवेशासारखी खाकी. मी एका आजींना हे त्यांच्याच स्वयंपाकघरात करून दाखवलं. ओट्यावर दोन बश्या ठेवल्या, त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही खाकी मला नको." कार्डावर त्यांनी तोच रंग निवडला होता.

बशीतला गुलाबी आणखी एकदा नीट न्याहाळा, कारण तांबडेपणाचेही दोन प्रकार असतात. गुलाबी जर विटेकडे झुकत असेल तर चांगलं. तो जांभळाकडे झुकत असेल तर पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तुमची भिंत वांग्याच्या सालीसारखी दिसणार, हे आत्ताच लिहून ठेवा.

किती गडद? एलआरव्ही बघा

बऱ्याच कंपन्यांच्या शेडच्या माहितीत एलआरव्ही नावाचा आकडा असतो. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड परत येतो, याचं हे माप. शून्य म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. चांगल्या पांढऱ्या रंगाचा आकडा ८० च्या वर असतो. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते गडद तपकिरी साधारण ५ ते १२ मध्ये येतात. शेर्विन-विल्यम्सने २०२१ चा वर्षाचा रंग म्हणून निवडलेला 'अर्बेन ब्रॉन्झ' ८ वर आहे. फोनवर त्याचे फोटो दाखवत "अगदी असाच हवा" म्हणणारे मला अजून भेटतात.

या टोकाला लहान फरकही मोठा ठरतो. ८२ आणि ८५ मधला फरक भिंतीवर कळणार नाही. ५ आणि १० मधला मात्र ठळक कळतो, कारण दुसरी भिंत पहिलीच्या दुप्पट उजेड परत देते. तुमच्या काथी आणि अक्रोडीत एवढी तफावत असेल, तर तुम्ही दोन रंगांची तुलना करत नसून एका अंधाऱ्या आणि एका कमी अंधाऱ्या भिंतीची तुलना करताय. आधी एलआरव्ही जवळपास सारखा असलेली जोडी निवडा, मग कलाकडे वळा.

तुमच्या खिडकीतून कुठला उजेड येतो

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेला कलून दुपारीसुद्धा जेमतेम ४८ अंश उंचीवर येतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन खोलीत आतपर्यंत येतं आणि उन्हाळ्यात भर दुपारी त्याच खिडकीत ऊन नसतं. रंगाची निवड मे महिन्यात केली असेल तर हे ध्यानात ठेवा. तीच भिंत डिसेंबरात वेगळी दिसेल.

उत्तरेच्या खोलीत वर्षाचा बराच काळ नुसता आभाळाचा उजेड असतो, निळसर आणि एकसारखा. या उजेडात अक्रोडीची ऊब आटते आणि तो मातकट-करडा होतो. कुणाला तो तसाच आवडतो, विशेषतः अभ्यासाच्या खोलीत. ऊबच हवी असेल तर इथे विटेकडे झुकणारा काथी घ्या. पश्चिमेच्या खोलीचं याच्या उलट. संध्याकाळी पाचनंतर तिरपं, पिवळं-केशरी ऊन आत आलं की काथी पेटल्यासारखा लाल दिसतो. जेवणाच्या जागी ते सुंदर वाटेल. जिथे माणूस थकून येऊन पडणार तिथे मला ते जड वाटतं. पश्चिमेला मी अक्रोडी सुचवते. त्या उन्हात तो मधासारखा सोनेरी होतो आणि त्याची हिरवी झाक कुठे जाते कळतही नाही.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. एरंडवणं, कोथरूड, प्रभात रोडच्या जुन्या सोसायट्यांत खिडकीला झाड खेटलेलं असतं. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि तो अक्रोडीला आणखी शेवाळी करतो. नव्या भागांत खिडकीसमोर शेजारची इमारत असते. तिची भिंत पिवळी असेल तर तुमच्या खोलीत पिवळा उजेड येतो. दिशा एकच असूनही दोन घरांत एकच रंग वेगळा दिसण्याचं हे नेहमीचं कारण.

आणि एक पक्का नियम मी पाळते. ज्या भिंतीत खिडकी आहे ती भिंत गडद करायची नाही. लखलखीत खिडकी आणि तिच्याभोवती अंधारी भिंत, अशा जोडीने डोळे दिवसभर ताणले जातात. खिडकीच्या समोरची किंवा बाजूची भिंत घ्या. तिथे उजेड भिंतीवर पडतो आणि रंगाला जीव येतो.

फरशी आणि लाकूड

भिंत रंगवणं सोपं, फरशी बदलणं अवघड. म्हणून निवडीत शेवटचा शब्द फरशीचा.

फरशी कोटा दगडाची असेल तर ती हिरवट-करडी असते. तिच्यावर काथी उभा केला की लाल आणि हिरवा एकमेकांना चढवतात: भिंत जास्त लाल दिसते, फरशी जास्त हिरवी. अक्रोडी मात्र कोट्याशी गोतातल्यासारखा जमतो. शहाबादीचा करडा दोघांनाही चालतो. जुन्या बंगल्यांतल्या आणि सोसायट्यांतल्या मोझॅक टाइल्समध्ये बरेचदा तांबडे, मरून खडे असतात. तिथे काथी लावला की फरशी आणि भिंत एकमेकींशी बोलू लागतात. नव्या फ्लॅटमधल्या व्हिट्रिफाइड टाइल्स बघताना फसू नका. "ऑफव्हाइट आहे" असं सगळे म्हणतात, पण तो ऑफव्हाइट कधी पिवळट असतो, कधी गुलाबीसर. टाइलवर कोरा पांढरा कागद ठेवून बघा, लगेच कळेल. गुलाबीसर टाइलशेजारी अक्रोडी मळकट हिरवा दिसतो. हा त्याचा सगळ्यात वाईट अवतार, आणि तो मी पुरेशा वेळा पाहिला आहे.

लाकडाबाबत माझा अंदाज बरेचदा बरोबर येतो. सागवानाला पॉलिश केलं की तो सोनेरी-नारिंगी होतो. सागवानी दारं-कपाटं असलेल्या खोलीत काथी भिंत त्यांच्याशी स्पर्धा करते आणि दोन्ही फिकी पडतात. अक्रोडी मागे सरकतो, लाकडाला पुढे येऊ देतो. शिसवाचं जुनं सामान, गडद जांभळट झाक असलेलं, काथीबरोबर खुलतं. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातलं कोरीव सागवानी लाकूड एकदा सकाळच्या उजेडात जाऊन बघा. दोनशे वर्षांच्या त्या लाकडात तपकिरीच्या किती छटा शेजारी शेजारी नांदतात हे एकदा डोळ्यांत बसलं, की शेडकार्ड वाचणं सोपं जातं. पितळेची समई किंवा घंगाळ अक्रोडीपुढे उजळतं, तांब्याची भांडी काथीपुढे.

दोन फळ्या, दोन दिवस

हे करायचंच. बाकी लेख विसरलात तरी चालेल.

टिंबर मार्केटमधून किंवा जवळच्या प्लायवाल्याकडून एमडीएफचे किंवा हार्डबोर्डचे दोन तुकडे कापून आणा, प्रत्येकी दोन बाय तीन फूट. भिंतीवर थेट पट्टे मारू नका. शेजारच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो आणि पट्टा हलवताही येत नाही. फळीवर आधी प्रायमर, मग रंगाचे तीन हात, मधे किमान चार तास. रंग अगदी कडेपर्यंत न्या. भोवती पांढरी चौकट राहिली तर आतला रंग आहे त्याहून गडद दिसतो.

ओला रंग बघून निर्णय घेऊ नका. इमल्शनमधला चिकटवणारा भाग ओला असताना दुधाळ असतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो, म्हणून गडद शेड सुकल्यावर आणखी गडद दिसते. फळ्या रात्रभर सुकू द्या.

दुसऱ्या दिवशी त्या उभ्या करून भिंतीला टेकवा, खालची कड फरशीला लागेल अशा. जी भिंत रंगवायची आहे तिथेच. एकावेळी एकच फळी समोर ठेवा, दुसरी खोलीबाहेर. दोन्ही शेजारी ठेवल्या की डोळा त्यांच्यातला फरक फुगवतो. तुम्हाला मात्र भिंतीवर एकच रंग घेऊन राहायचं आहे. सकाळी आठला बघा, दुपारी साडेबाराला, संध्याकाळी साडेपाचला आणि रात्री दिवे लावून. प्रत्येक वेळी एका कागदावर एक-दोन शब्द लिहा, पण रंगाचं नाव लिहू नका. त्या क्षणी तो कशासारखा दिसला ते लिहा: चिंच, गूळ, ओली माती, शेवाळ, वांगं, भाजलेली कॉफी. दोन दिवसांचे आठ-आठ शब्द समोर आले की उत्तर बहुतेक वेळा त्या कागदावरच असतं. फोटो काढून नातेवाइकांना मत विचारायचा मोह होतो, पण फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा समतोल स्वतःच ठरवतो आणि गडद तपकिरीत हमखास चुकतो. ज्यांचं मत हवं आहे त्यांना चहाला बोलवा.

एक बारीक गोष्ट राहते. दोन लगतच्या भिंती रंगवणार असाल, तर त्याच रंगाची आणखी एक फळी करून दोन्ही कोपऱ्यात काटकोनात लावून बघा. कोपऱ्यात एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडून परत येतो आणि दर फेरीत रंग दाट होतो. काथी तिथे फळीपेक्षा लालसर दिसेल, अक्रोडी जास्त पिवळट. खोलीच्या चारही भिंती गडद करायच्या असतील तर हा परिणाम सगळीकडे होणार, हे धरून चाला.

रात्रीचे दिवे

आपल्याकडे घराघरांत अजून ६५०० केल्विनचा पांढरा उजेड आहे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा मोठा तेवढा उजेड निळसर, लहान तेवढा पिवळसर). खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेला. निळसरपणात तो उत्तरेच्या आभाळासारखा, त्यात साध्या एलईडीत लाल भाग कमी. काथीतला लाल दिसायला दिव्यात लाल असावा लागतो, नाहीतर भिंत काळपट, मेलेली वाटते. माझ्या स्वतःच्या झोपायच्या खोलीत हेच झालं. दिवसा विटेसारखा उबदार वाटलेला रंग पहिल्याच रात्री ट्यूबखाली जांभळट झाला आणि मला वाटलं दुकानातून चुकीचा डबा आला. डबा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी ३००० केल्विनचा 'वॉर्म व्हाइट' बल्ब लावला आणि माझा रंग मला परत मिळाला.

म्हणून फळ्या बघायच्या आधी बल्ब ठरवा. गडद तपकिरी भिंतीसाठी २७०० ते ३००० केल्विन. खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा. ८० सर्रास मिळतो, ९० च्या पुढचा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या. घरात कुणी ट्यूबचा पांढरा उजेड सोडायला तयार नसेल (वाचायला, शिवायला तो लागतो, हे मान्य), तर ४००० केल्विनवर तडजोड होते, आणि अशा घरात मी जांभळाकडे झुकणारा काथी लावायला कधीच सांगत नाही. दुकानातले दिवे वेगळे असतात, हेही विसरू नका. तिथे जुळे वाटलेले दोन रंग घरी सावत्र निघू शकतात.

गडद भिंत उजेड गिळते, त्यामुळे छतावरचा एक दिवा पुरत नाही. एक टेबलावर, एक कोपऱ्यात उभा, एक भिंतीवर, असे दोन-तीन लहान दिवे ठेवा. भिंतीवरचा दिवा भिंतीला अगदी खेटून नको. तिरप्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो.

भिंतीची तयारी आणि प्रत्यक्ष काम

पावसाळ्यात हे काम काढू नका. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. पांढऱ्या भिंतीवर ओलीचा डाग खपून जातो, गडद तपकिरीवर लोणा पांढऱ्या पावडरीसारखा उठून दिसतो. शंका असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत काळवंडली तर आधी ओलीचा बंदोबस्त करा, रंग नंतर. सगळे दिवाळीच्या तोंडावर रंगकाम काढतात, रंगारी मिळत नाहीत आणि मिळतात ते घाईत असतात. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुचवते: हवा कोरडी, भिंती सुकलेल्या, रंगाऱ्याला वेळ.

पुट्टी आणि घासणी यांवर गडद रंगात दुप्पट लक्ष द्या. घासून झाल्यावर अंधार करून मोबाइलची बॅटरी भिंतीला लावून तिरपी फिरवा. जिथे सावल्या पडतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि रंगाऱ्याला पुन्हा घासायला सांगा. चांगला रंगारी यावर रागवत नाही.

आता गडद शेडची खरी मेख. या शेड ज्या बेसमध्ये बनतात त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड फार कमी किंवा नसल्यातच जमा असतं, नाहीतर रंग गडद होणारच नाही. पण भिंत झाकण्याचं बरंचसं काम हेच टायटॅनियम करतं. परिणाम असा की पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत रंग ढगाळ, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. माझ्या बहिणीच्या घरी हेच झालं. ठेकेदाराने दोन हातांचे पैसे ठरवले होते आणि तिसऱ्यावरून वाद झाला. तेव्हा बोलणी करतानाच तीन हात धरा. प्रायमरमध्ये स्टेनर (हाताने मिसळायचं बाटलीतलं दाट रंगद्रव्य) घालून तो मध्यम करडा-तपकिरी करून घ्या, म्हणजे तिसरा हात बरोबर बसतो. स्टेनर किती घालायचा याची मर्यादा लिहिलेली असते, तिच्यापुढे जाऊ नका. शेवटची शेड मात्र कधीही हाताने स्टेनर मिसळून बनवू देऊ नका. "मी करतो ना जुळवून" असं रंगारी काका आपुलकीने म्हणतात, पण दुसऱ्या डब्याला ते जुळत नाही. मशीनवरच बनवून घ्या.

किती रंग लागेल याचा हिशोब सोपा आहे. बारा फूट लांब, साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे ११४ चौरस फूट. चांगल्या इमल्शनचा एक लिटर गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना साधारण १२० चौरस फूट जातो, म्हणजे एका हाताला २४०. तीन हातांचे ११४ गुणिले ३, ३४२ चौरस फूट. भागिले २४० म्हणजे जवळपास दीड लिटर. एक-एक लिटरचे दोन डबे घ्या, उरलेला टचअपला राहील. गडद शेडच्या डब्यात टिंटला जागा ठेवलेली असते, म्हणून डब्यावरचं माप वाचून घ्या. सगळे डबे एकाच दिवशी बनवा आणि काम सुरू करण्याआधी एका स्वच्छ बादलीत एकत्र ओतून ढवळा. डब्याडब्यांतला थोडासा फरकही भिंतीच्या मधोमध सांधा दाखवतो.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. रोलर हलका चालावा म्हणून पाणी वाढवायची सवय असते. गडद शेडमध्ये त्याने भिंत ढगाळ होते. कडा ब्रशने आणि मधला भाग रोलरने असं काम चालतं. आज सगळ्या कडा मारून ठेवल्या आणि उद्या रोलर फिरवला, तर भिंतीला चौकट दिसते. थोडी कड, लगेच रोलर, ओल्याला ओलं लागत राहिलं पाहिजे. एक भिंत सुरू केली की ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत एकाच माणसाने न थांबता पुरी करायची. जेवणाची सुट्टी भिंत संपल्यावर.

मॅट की चकाकी

मॅटमध्ये भिंतीच्या चुका लपतात. पण हात लागला, दप्तर घासलं की तिथे चकचकीत किंवा पांढरट ओरखडा उमटतो आणि पुसायला गेलात तर तो पसरतो. चकाकीच्या फिनिशमध्ये खिडकीचं प्रतिबिंब दिसतं आणि पुट्टीच्या लाटाही. पलंगामागची, कुणाचा हात न लागणारी भिंत असेल तर मॅट. जेवणाच्या टेबलाजवळ, मार्गिकेत, लहान मुलांच्या घरात हलकी चकाकी असलेलं, धुता येणारं फिनिश. चकाकीत रंग थोडा वेगळा दिसतो, म्हणून फळीही त्याच फिनिशमध्ये रंगवा.

मग कुठला?

पुण्यातला नेहमीचा फ्लॅट, पिवळट व्हिट्रिफाइड टाइल, सागवानी दारं, पश्चिमेचा हॉल: मी अक्रोडी लावते, सोबत छत किंचित पिवळसर पांढरं. मोझॅक फरशी, शिसवी सामान, उत्तरेची खोली आणि ३००० केल्विनचे दिवे: विटेकडे झुकणारा काथी, डोळे मिटून. गुलाबीसर टाइल असेल तर अक्रोडी सोडा. ट्यूब बदलणार नसाल तर जांभळट काथी सोडा. झाड खिडकीला टेकलेलं असेल तर निर्णय फळीवर सोडा.

काम झाल्यावर उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, आत हवा राहून त्यावर साय धरते. तो काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि बाहेर चिकटवलेल्या कागदावर शेड नंबर, बेस, फिनिश, तारीख आणि कुठली भिंत ते लिहा. गडद मॅटवर ठिपक्यासारखा टचअप केला तर तो डागासारखा दिसतो. खिळ्याचं भोक बुजवलंत तर वाळलेल्या ब्रशने, अगदी टोकाला लावून, थोडासाच रंग टेकवा. ओरखडा मोठा असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीवर एक हात फिरवून घ्या. त्यासाठी लागणारा अर्धा लिटर तुमच्या हिशोबातल्या दुसऱ्या डब्यात आहेच.